बांधावरची गार जागा

आबा, आज बांधावर गेले होते. तुमच्याच बांधावर, मिठागराच्या खाडीकडच्या बाजूला, जिथे तुम्ही राखणीला होतात. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मी मुलुंडलाच राहत आले, बांधापासून चालत अर्ध्या तासावर, तरी कधी तिकडे फिरकले नव्हते. वेळ मिळाला नाही असं मी स्वतःला सांगत आले, पण तपासून पाहिलं तर ते टिकत नाही. मला तिथे जायचं नव्हतं. आणि यंदा गेले तीही माझ्या मनाने गेले नाही, कुत्र्यामुळे गेले.

तुमच्या नातीने दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. मग ती कॉलेजात गेली आणि पिल्लू माझ्या गळ्यात पडलं. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक लोळणारा, कशालाही न घाबरणारा आणि कशाचंही न ऐकणारा. दिवाळीनंतर माझे गुडघे धरले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सपाट जमिनीवर, उन्हात, रोज थोडं चाला. मी म्हटलं, आमच्याकडे सपाट असं काय आहे? तर तुमची नात म्हणाली, "मग जा ना तुझ्या त्या मिठागरावर. ह्यालाही ने. नाहीतरी सारखी सांगत असतेस." मी सारखी सांगत असते हे मला माहीत नव्हतं. तिनेच मग बाजारातून पांढऱ्या नाड्यांचे कॅनव्हासचे बूट आणून दिले. "चपलेने नाही चालायचं हां आई, पाय मुरगळेल. नाड्या डबल गाठीने बांध."

तर गेले तीन रविवार मी जाते. हायवे ओलांडला की टेम्पोंचे हॉर्न मागे पडतात आणि मग एकदम काहीच नसतं. तुम्ही ते रोज बघत होतात, म्हणून तुम्हाला ते सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगते. जेमतेम अर्ध्या मैलाचा बांध, परातीसारखा सपाट. डाव्या हाताला तिवरं आणि त्यांच्या पलीकडे खाडी, उजव्या हाताला मिठाचे चौकोन, एकेकात आभाळाचा एकेक तुकडा. पाण्यात शेकाट्यांचा थवा लाल काड्यांसारख्या पायांवर उभा. मिठाचे ढीग इतके पांढरे की डोळे बारीक करावे लागतात. मी पंचेचाळीस वर्षांची, पदवी घेतलेली, शाळेत भूगोल शिकवणारी बाई, पहिल्या रविवारी तिथे तोंड उघडं टाकून उभी राहिले. चंद्र तिकडे कुठेतरी फिरतो आणि इथे एवढं पाणी दिवसातून दोनदा उठून येतं, आणि त्याच्या आणि आपल्या मधे एवढीशी माती. मुलांना मी भरती-ओहोटी फळ्यावर बाण काढून शिकवते. तुम्ही ती बोटांवर काढायचात. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता, फार तर तासभर इकडेतिकडे, भरती पूर्ण. अष्टमीला सहा, अमावास्येला भर दुपार. वर्गात मी हे अजून कधी सांगितलेलं नाही. पुस्तकात नाही म्हणून.

तुमची बांध बघायची रीत मी कुणाला सांगितली तर पटणार नाही. उधाणाच्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं की तुम्ही पायताण काढून ठेवायचात आणि बांधावरून अनवाणी निघायचात. माती तव्यासारखी तापलेली. खेकड्यांनी आतून बांध पोखरला असेल आणि खाडीचं पाणी झिरपत असेल, तर वरून काही दिसत नाही, पण तेवढीच जागा तळव्याला गार लागते. आणि तुमच्या पुढे तो काळा कुत्रा. गिरणीतल्या कापसाने तुमची छाती धरली म्हणून तुम्ही मिठागरावर आलात, आणि तो तुमच्याही आधीपासून तिथे होता. चालता चालता तो थांबायचा, पुढच्या पायांनी थोडं उकरायचा आणि पोट टेकून बसायचा. मग तुम्ही त्याला उठवून तिथे पाऊल ठेवायचात, डोळे मिटून. मला वाटायचं तुम्ही दमता म्हणून थांबता.

तो दिवस मी रोजनिशीत कधी लिहिलेला नाही. मी दहा वर्षांची होते, रोजनिशी पुढे सुरू झाली. अमावास्या होती. तुम्ही बांधाच्या दुसऱ्या टोकाला उघाडीवर गेला होतात, खाडीचं पाणी आत घ्यायची-सोडायची ती लाकडी फळी अडकली होती म्हणून. जाताना मला म्हणालात, "ह्येच्याबरोबर बस. मी येतंय." मी पाटीवर गणितं करत होते. मान वर केली तेव्हा कुत्रा उकरत होता, जोरात, माती मागे उडवत. मी ओरडले. तो थांबला नाही. मग त्याच्या पायांखालून पाणी आलं, आधी बोटाएवढं, मग मनगटाएवढं, आणि मग बांधाचा तेवढा तुकडा बसलाच. तयार मिठाचे दोन चौकोन माझ्या डोळ्यांदेखत विरघळले. इतकं पांढरं इतक्या लवकर नाहीसं होतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, घाबरण्याच्या आधी मला ते सुंदर वाटलं होतं.

संध्याकाळी मुकादम आपल्या झोपडीसमोर आला. मी काय पाहिलं ते मी त्याला सांगितलं. तो तुमच्याकडे वळला. "कुत्र्यानी बांद फोरला. तुजी पोरगीच सांगतेय."

तुम्ही म्हणालात, "फोडूक नाय. गार जागा बघून तो बसता. आत भोक होता."

"मंग त्याला पगार लावू काय?" मुकादम हसला, त्याची माणसंही हसली. "त्यो जाईल, नायतर तू जाशील. काय ता ठरव."

तेव्हा तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात. तुमच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती. "चेडवा, तू बघलंस ता सांगलंस. आता माका इतक्याच सांग. तो उकरूच्या आधी माती ओली होती?"

सगळे थांबले होते. मला कळत होतं की 'हो' म्हटलं की कुत्रा राहतो. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. कसं, ते मला आजवर नेमकं लिहिता आलेलं नाही. मग उठलात आणि मुकादमाला म्हणालात, "तिका म्हायत नाय म्हणता. झाला तर."

घरात आई चुलीपुढे बसून तुमच्या भेगाळलेल्या तळव्यांना भिरंडेल चोळत होती. कोकमाच्या त्या तेलाचा वास आला की मला अजून तो दिवस आठवतो. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "ओली होती म्हणान सांगूक तुझ्या तोंडाक काय झाला होता?" तुम्ही म्हणालात, "तिना बघूक नाय, ता ती कशी सांगतली?" आई म्हणाली, "तुमी दोघांय त्या धर्मराजाची." आणि तेलाची वाटी आपटून उठली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुत्र्याला होडीत घालून खाडीपलीकडच्या गावात एका ओळखीच्या माणसाकडे सोडून आलात. मी बांधावरून बघत होते. तो होडीत तुमच्या पायांशी शहाण्यासारखा बसला होता. त्याला वाटलं असेल, कामाला निघालोय.

पुढच्या अमावास्येला तुम्ही मला म्हणालात, "आता तू चल." मी तुमच्या पुढे अनवाणी चालले. वीस पावलांत माझे डोळे पाण्याने भरले, पण मी थांबले नाही. मला एकही गार जागा सापडली नाही. सगळीकडे फक्त आग. तुम्ही मागून येत होतात, आणि माझ्यानंतर दोन ठिकाणी थांबलात. दोन्ही जागांवरून मी नुकतीच गेले होते. तुम्ही काही बोलला नाहीत, आणि मला पुन्हा नेलंही नाहीत. मॅट्रिक झाले तेव्हा दादरहून चामड्याच्या चपला आणून माझ्यासमोर ठेवल्यात. "तुजा काम कागदार. पाय जप." ते बक्षीस होतं की निकाल, हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारत आले आहे.

त्या 'माहीत नाही'चा मला पुढे अभिमान वाटू लागला होता, हेही लिहायला हवं. मी न पाहिलेलं सांगत नाही, अशी माझी शाळेत ख्याती आहे. मुलींच्या भांडणात साक्षीला मला बोलावतात. पण त्या दिवशी मला खरंच माहीत नव्हतं, की मुकादमासमोर माझा शब्द बदलायची लाज वाटली? मी उलटसुलट विचार करून पाहिला आहे. माहीत नव्हतं. तरीही त्याच्यामुळे कुत्रा निर्दोष ठरला नाही आणि दोषीही ठरला नाही. तो नुसता गेला. तुम्ही त्यानंतर आठ वर्षं एकटे चाललात, छाती धरून, आणि मला एकदाही काही म्हणाला नाहीत. मी ते ओझं तुमच्या न बोलण्यात मोजत राहिले.

आता आजचं सांगते. आज अमावास्या होती, हे मी घरून निघताना पाहिलं नव्हतं. अकरा वाजले असतील. ऊन छान पाठीवर येत होतं. कुत्रा पुढे धावत होता. मधल्या वळणावर तो थांबला, वास घेतला, उकरू लागला. मी हाक मारली. तो आपला उकरतोच आहे. खालून आताचा मुकादम धावत आला, पँट-शर्टातला, माझ्याहून लहान. "ओ बाई, कुत्रा आवरा ना! बांधाची वाट लावेल तो."

मी पट्टा धरून ओढलं. खड्डा वीतभर झाला होता आणि त्याच्या तळाला पाणी साचत होतं. मुकादम उकिडवा बसला. त्याने बोट घालून पाणी चाखलं आणि घड्याळात बघितलं. भरतीला तासभर उरला होता. "बाई, एक खरं सांगा. हे आधीपासून ओलं होतं, का ह्यानं उकरल्यावर झालं? आधीचं असलं तर पलीकडून फोडून भोक शोधायला लागंल, चार माणसं आणायला लागतील. नसलं तर दोन पाट्या माती टाकतो न मोकळा होतो."

तोच प्रश्न, आबा. तसंच बसून.

"आधीपासून होतं," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पायाला गार लागलं."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, पायांकडे नाही. मग शीळ घालून माणसं बोलावली. तिवरांच्या बाजूने त्यांनी बांध खणला आणि थोड्या वेळाने एकजण आडवा झोपून हात आत घालू लागला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. "टोक लागत नाय," तो म्हणाला. मुकादमाने वाकून आत पाहिलं. मग म्हणाला, "आज फुटला असता हा." आणि कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्या लोळणाऱ्या कानावर. माझा कुत्रा गारव्याला पोट टेकून बसला होता, जीभ बाहेर काढून, जणू यात विशेष काही नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला तुमचा काळा दिसत होता. पस्तीस वर्षांनी मी त्याला काम करताना बघत होते.

माणसांनी चिखल आणि गवत ठासून भोक बुजवलं. बारा वाजता खाडी बांधाच्या कडेपर्यंत चढून आली, गुपचूप, भरलेल्या डोळ्यासारखी, आणि तिथेच थांबली. माणसं गेल्यावर मी खाली बसले, नाड्या सोडल्या आणि आज पहिल्यांदा मातीवर पाय ठेवला. बुजवलेल्या जागेवर, मग तिच्या शेजारी, मग लांब. डोळे मिटून. मला फरक कळला नाही.

घरी आल्यावर रोजनिशी काढली आणि परत ठेवली. तिथे मी 'गार लागलं' असं लिहू शकत नाही, आणि दुसरं लिहायला हात होत नाही. म्हणून हा सुटा कागद. याला पत्ता नाही, तो टपालात जाणार नाही. भूगोलाच्या पुस्तकात, भरती-ओहोटीच्या पानात ठेवून देईन. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. तो माणूस मला विचारत होता तेव्हा माझ्या पायांत बूट होते, आबा. डबल गाठ मारलेले.