गौरीहरातल्या पादुका

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, सकाळ

प्रिय मोहिनी,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. माणसाच्या आत जी भूक असते ती देवाजवळच शमते. तिच्यापुढे माणूस वाढून ठेवला तर भूक तशीच राहते आणि तो माणूसही वाया जातो. यावरून निघणारा निष्कर्ष तुझ्या घराशी संबंधित आहे: तुझ्या आरोहीच्या लग्नात गौरीहरावर आपल्या गुरूंच्या, अण्णांच्या, पादुका ठेवू नयेत.

तू मागितले होतेस ते याच्या नेमके उलट. आरोहीच्या होणाऱ्या सासूबाईंनी तुला विचारले, गौरीहरात अन्नपूर्णा नाही, मग मुलगी पुजणार कुणाला, आणि माहेराहून सासरी नेणार काय? म्हणून तू लिहिलेस, 'नाना, माझ्या वेळी तुम्ही मांडवात जे बोलला होतात ते चार परिच्छेदांत पाठवा. अण्णांची इच्छा काय होती, हे त्यांनाही कळू दे.' पस्तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला चार परिच्छेद जड नाहीत. मी ते लिहिले. पुन्हा वाचले, तेव्हा त्यांत एकही चूक सापडली नाही. मग फाडून टाकले.

तो युक्तिवाद तुला पाठ असणार. दिव्याच्या चित्राने दिवा लागत नाही, जळता दिवाच दुसऱ्याला लावतो; घरातल्या मूर्ती ही चित्रे आणि अण्णा हा जळता दिवा; तेव्हा गौरीहरावर चित्र कशाला? मांडवात तुझा मामा म्हणाला, 'दाजी, तुमच्यापुढं तोंड उघडायचं म्हणजे आधी वकील लावायला पाहिजे,' आणि माणसे हसली. मी ते कौतुक समजलो. जळत्या दिव्यातले तेल संपते आणि चित्रातला दिवा कधी विझत नाही, ही उदाहरणाची दुसरी बाजू मी सोयीने गाळली होती. एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर त्याला मी तासभर उभे केले असते.

त्याआधीच्या महिन्यात घरातले टाक आणि बाळकृष्ण मी रामकुंडावर नेऊन गंगेत सोडले होते. जिवंत गुरू असताना धातू कशाला, असे मीच ठरवले होते. तुझ्या आईच्या माहेरची बोटभर उंचीची अन्नपूर्णा मात्र ऐनवेळी सापडली नाही. आई म्हणाली, कुठे गेली कोण जाणे. मी फार शोधले नाही. तुझ्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली. त्यांतली चोवीस, जाईपर्यंत, तुझी आई रोज आंघोळ करून पदर खोचून तांदळाच्या डब्याशी बसायची. डबा उघडायचा, हात आत घालायचा, थोडा वेळ तसेच थांबायचे. एकदा मी चिडून विचारले, एवढा वेळ त्यात काय शोधतेस? ती म्हणाली, 'खडे.' त्यानंतर मी विचारले नाही, कारण उत्तर सुसंगत होते.

आता ज्याविषयी आपण दोघे कधी बोललो नाही ते. आई गेली त्या आठवड्यात तू मठात सात दिवसांच्या अनुष्ठानाला बसली होतीस. तिचे शेवटचे तीन दिवस सुरू आहेत हे डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितले होते. मी तुला निरोप पाठवला नाही. अनुष्ठान मध्येच मोडू नये, हे माझे कारण. तू आलीस तेव्हा दारापुढे पणती होती, आणि तू मला काहीही विचारले नाहीस. उलट म्हणालीस, 'अण्णांनी तिला सांभाळलं असेल.' हे वाक्य माझ्याकडूनच तुला मिळाले होते. स्वतःचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा आनंद मी आयुष्यभर घेतला. त्या दिवशी घेता आला नाही.

तीन दिवस आईच्या पोटात पाण्यापलीकडे काही नव्हते. मी विचारले, काही हवे का? ती म्हणाली, 'काही नको. पोट भरलंय.' ही वाताची बडबड असे मी धरले आणि नर्सलाही तसेच सांगितले. ती माझ्याकडे पाहत होती ती नजर मात्र बडबडणाऱ्या माणसाची नव्हती. त्या घरात त्या दिवशी पोट भरलेली ती एकटीच होती, हे कळायला मला दोन वर्षे लागली.

मागच्या गुरुवारी, तुझ्या मागणीसाठी अण्णांचा आशीर्वाद घ्यावा म्हणून मी मठात गेलो. गिरणाऱ्याच्या पुढे रिक्षा मिळत नाही, टोमॅटोच्या टेम्पोत बसून गेलो. तू दिवाळीत गेलीस तेव्हा पडद्याखालून बाहेर काढलेल्या पायांचे दर्शन घेतलेस. अण्णा मौनात आहेत, म्हणून पडदा, असे तुला सांगितले गेले. मौन वगैरे काही नाही. विश्वस्त मला ओळखतात म्हणून त्यांनी मला मागच्या दाराने आत सोडले. अण्णा खाटेच्या कडेला बसले होते, स्वेटरची बटणे एकेक घर चुकवून लावलेली. त्यांनी मला ओळखले नाही. त्यांची देखभाल करणारी भागीबाई हरसूलकडचीच, त्यांच्याच गावची. ती मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, 'सायेब, अन्ना आता कोनालाच वळखत नाय. दिसभर म्हनत्यात, मला देवापाशी न्या. आमी म्हनतो, अवो तुमीच देव हाय. तर लय रडत्यात.'

मी वाकलो, सवयीने. त्यांनी पाय ओढून घेतले आणि माझे दोन्ही हात धरले. वाट चुकलेला माणूस फाट्यावर विचारतो तसे विचारले, 'बाबा, तुला ठावं हाय का, देव कंच्या अंगाला?' मोहिनी, चाळीस वर्षे मी या माणसाच्या वतीने उत्तरे दिली. मला दिशाही सांगता आली नाही. बाहेर रांग होती; थोड्या वेळाने त्यांचे पाय पुन्हा पडद्याखालून बाहेर ठेवले गेले. एक बाई ओलेत्याने पायांवर डोके टेकवत होती, आणि पडद्याच्या आत त्या पायांचा मालक भागीबाईच्या पदराला धरून रडत होता. रांगेतल्या कुणाचे पोट भरत नव्हते आणि पडद्यामागच्याचेही नाही. विधान सिद्ध करायला याहून दुसरे उदाहरण लागू नये.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात गेलो. आई गेल्यापासून माझे जेवण डब्याचे. तिच्या तांदळाला दोन वर्षे कुणी हात लावला नव्हता. किडे झालेच होते. टाकून द्यावेत म्हणून परातीत ओतले, तेव्हा तळाशी फडक्यात बांधलेली अन्नपूर्णा निघाली. चिंचेने घासून घासून तिचे नाक झिजले आहे. कपाळावर कुंकू आहे. हातातली पळी मात्र शाबूत.

तू म्हणशील, नाना, हेही पितळच. माणसाच्या जागी वस्तू ठेवली, एवढाच फरक. आक्षेप योग्य आहे. मी तुला तसेच घडवले आहे. उत्तर असे. या पितळेने कधी कुणाला 'माझ्यापाशी थांब' म्हटले नाही. तिच्यासमोर आईने चोवीस वर्षे हात जोडले, पण हात पोहोचले ते पलीकडे. मूर्तीने मध्ये काही ठेवून घेतले नाही. माणूस ठेवून घेतो. त्याची इच्छा नसली तरी भोवतालचे लोक ठेवून घ्यायला लावतात. गेले तीन दिवस सकाळी मी तिच्यासमोर उभा राहतो. मला काही मिळाले, असे लिहिणे खोटे होईल. उभा राहतो आणि बोलत नाही; माझ्यासारख्याला तेवढेच पुष्कळ अवघड आहे.

इथवरचे तू खोडून काढू शकतेस. 'अण्णा आज भ्रमिष्ट आहेत म्हणून त्यांचे तेव्हाचे वचन खोटे ठरत नाही; पादुका ठेवाव्यात ही त्यांची इच्छा होती,' असे तू लिहिशील, आणि तर्काने ते बिनतोड असेल. म्हणून जे मी तुझ्या आईलाही सांगितले नाही ते आता लिहितो. हे पत्र त्यासाठीच आहे. तुझ्या लग्नाच्या आठ दिवस आधी सकाळी अण्णा एकटेच आपल्या घरी आले होते. तू आणि आई खरेदीला येवल्याला गेला होतात. त्यांनी मीच त्यांना दिलेल्या त्या चांदीच्या पादुका पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, 'मास्तर, हे पाय धुनं आता बंद करू. माझ्या पोटात भ्या बसलंय. लोकं देवाकडं चालले व्हते, मधीच माझ्यापाशी थांबले. ह्या परत घ्या. पोरीला तिची अन्नपूर्णाच द्या.' मी त्यांना खुर्ची दिली, चहा केला, आणि दीड तास त्यांच्याशी वाद केला. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. त्यांची शंका म्हणजे खऱ्या गुरूची नम्रता, आणि नम्रता हेच अधिकाराचे लक्षण, असे मी त्यांना पटवले. ते हरले. जाताना एवढेच म्हणाले, 'तुमी म्हनता तर आसंल.' पादुका टेबलावर राहिल्या; आठ दिवसांनी त्याच तुझ्या गौरीहरावर होत्या आणि तुझ्याबरोबर सासरी गेल्या. मंगळवारी येवल्याच्या बसने मी येत आहे. अन्नपूर्णा सोबत आणतो, तिच्या फडक्यासकट. तुझ्या घरातल्या पादुका मला दे. भागीबाईच्या हाती देऊन म्हणेन, त्या ज्याच्या होत्या त्याने त्या कधीच परत केल्या होत्या. निर्णय तुझा, यापुढे तो कुणाच्या नावावर घेऊ नकोस, माझ्याही नाही.

मान्य करतो: एक माणूस देवापुढून बाजूला होऊ पाहत होता, आणि मी त्याला होऊ दिले नाही. बाकीचे सर्व, तुझ्या आईच्या खाटेशी रिकामी राहिलेली तुझी जागासुद्धा, याच एका चुकीतून निघाले. तिच्या बाजूने मांडायला माझ्याकडे कुठलाही पूर्वपक्ष नाही.

तुझाच, हरलेला
नाना
(सही) रंगनाथ