मुंगीचं बोट

दि. ८ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानंच लावता, म्हणून लिहितेच. आमच्या शाळेत गणित आता टॅबवर आलं. टॅब म्हणजे पाटीएवढी काच. तिच्यावर गणित उमटतं, मुलं बोट लावून उत्तर देतात आणि बरोबर की चूक ते काचच सांगते. वह्या तपासायचं माझं काम गेलं. आता मी चौथीच्या वर्गात टॅब चार्जिंगला लावते, आणि एखादा बंद पडला तर हेडसरांना वर्दी देते.

खोटं कशाला बोलू, काही मुलांना फार आवडलंय. अपूर्णांक म्हटलं की ज्याच्या पोटात दुखायचं, तो आता वर्तुळाचे तुकडे सरकवत हसत बसतो.

अडलंय ते एका मुलीचं. सगळे तिला मुंगी म्हणतात. हळू चालते, पण थांबत नाही. ती मोजताना प्रत्येक वस्तूवर बोट टेकवते. कागदावर त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथं बोट टेकलं की ते उत्तर. पडद्यावर मणी आले, की ती पहिल्या मण्यावर बोट ठेवून एक म्हणते, आणि काच लाल होते. कितीदा समजावलं, तरी बोट जातंच. टॅबनं तिला सगळ्यात खालच्या गटात टाकलंय. महिनाअखेर त्या गटाची खोली वेगळी होणार, आणि त्या खोलीत शिक्षक नाही, नुसते टॅब. तिला येतंय हो सगळं. काय करू ते सांगा.

मामींना नमस्कार. तुमची माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
ठकू


दि. १४ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मामीनं मोठ्यानं वाचलं, मग मी पुन्हा स्वतः वाचलं, कारण ती मधले शब्द गिळते. हे तिला कळवू नकोस.

मी आयुष्यभर पुस्तकं बांधली. शाळेत गेलो नाही, बांधायला आलेल्या पानांवरूनच अक्षरं जुळवायला शिकलो. त्यामुळे मला शब्द येतात, पण पुष्कळ गोष्टींचा शेवट माहीत नाही. तुझ्या काचेतलं मला काय कळणार? तरी विचारलंस म्हणून सांगतो. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मामी ओवून देते. म्हणून शिवण काही तिची होत नाही, माझीच राहते. (ती मात्र आल्यागेल्याला स्वतःचीच म्हणून सांगते.) तसं तू त्या पोरीचं बोट हो. तिला म्हणावं, हात मांडीखाली ठेव आणि तोंडानं मोज. उत्तर तिनं सांगायचं, दाबायचं तू. एवढ्यानं कुणाचं छप्पर उडणार आहे?

आणि तू जेवतेस का वेळेवर? मागच्या फोटोत नुसती हनुवटी दिसत होती.

आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा


दि. २ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमची सुई फार चालली, मामा.

पहिले काही दिवस छान गेले. मुंगी तोंडानं मोजायची, मी दाबायची. काच हिरवी झाली की ती माझ्याकडे बघायची, जणू मीच काहीतरी पराक्रम केलाय. पण तिची चाल तुम्हाला सांगितली आहेच. एकदा तास संपत आला होता, ती उत्तराच्या अगदी जवळ होती, आणि माझ्यानं राहवलं नाही. तिनं सांगायच्या आधीच मी दाबलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग हाताला सवयच लागली. ती मोजत राहायची आणि मी पुढं जायची.

ती खालच्या खोलीतून वाचली. पण थांबली नाही. टॅबनं तिला उचललं, ते थेट वरच्या गटात. तो गट आता वरच्या मजल्यावर दुसऱ्या बाईंकडे बसतो. तिथं चौथीतल्या मुलांना सहावीची गणितं येतात. तिचे वडील केस कापायचं दुकान चालवतात. खुर्चीत बसेल त्या गिऱ्हाइकाला ते ही बातमी सांगतात. गिऱ्हाइकाला उठूनही जाता येत नाही.

सोमवारी ती वर गेली. जिन्यात वळून तिनं विचारलं, बाई तुम्ही येणार ना. मी नुसतं हसले.

जीव असू द्या माझ्यावर, रागावलात तरी.

तुमची,
ठकू


दि. ७ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

रागावलेलो नाही, घाबरलोय. सल्ला माझा आणि चटका त्या पोरीला. मामी म्हणते, न कळणाऱ्या गोष्टीत नाक खुपसायची यांना हौस. या वेळी मी तिला उलट बोललो नाही, तेव्हा तीच जरा बिचकली.

तू सरळ हेडसरांकडे जा आणि खरं काय ते सांगून टाक. बोलतील, बोलू देत. तुझी पगारवाढ अडली तर अडू दे, पोरीला खाली आण. मोठ्या माणसानं चूक कबूल केली की पुढचं दार उघडतं, असं मला तरी वाटतं. झालं की लगेच दोन ओळी टाक. पोस्टमन दिसला की मी चप्पल न घालताच बाहेर जातो.

तुझी आठवण काढत बसलेला,
मामा


दि. २१ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. हेडसर रागावतील म्हणून मी रडायची तयारी करून गेले होते, तर ते हसले. म्हणाले, आपल्या हातचं मूल पुढं गेलं की बाईंना ते कच्चंच वाटतं. मग त्यांनी आलेख दाखवला. माझ्या वर्गाची रेघ वर गेली होती आणि तो वरच्या ऑफिसात पोचलाही होता. म्हणाले, आता उगाच घोळ घालू नका.

मग टॅबवाल्या कंपनीला फोन केला. एका गोड आवाजाच्या बाईंनी सांगितलं की गट हातानं बदलता येत नाही. मूल सारखं चुकत गेलं, की ते आपोआप खाली येतं.

म्हणून मधल्या सुट्टीत वर गेले आणि मुंगीला म्हटलं, काहीही दाब बाळ, चुकलं तरी चालेल. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. मीच तशी सवय लावली होती. म्हणाली, उत्तर येत नसताना दाबायचं म्हणजे ठोकून देणं, ते ती करणार नाही. तेही मीच शिकवलं होतं.

न दिलेलं उत्तर टॅब चूक धरत नाही, मामा. नुसता थांबून राहतो. गुरुवारपासून तिच्यापुढं एकच गणित आहे, खाली लिहिलंय. वरच्या बाई म्हणतात, पोर गुणी आहे, अजिबात त्रास नाही.

आता काय करू?

तुमची,
ठकू

एका टाकीचा दोन पंचमांश भाग भरलेला आहे. तीत एकवीस लिटर पाणी ओतल्यावर तिचा एक चतुर्थांश भाग रिकामा राहतो. तर टाकीत एकूण किती पाणी मावेल?


दि. २६ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

काय करू म्हणून विचारलंस. पत्र चारदा सुरू केलं आणि चारदा फाडलं. प्रत्येक वेळी एखादा सल्ला निघायचा आणि मला त्याचीच धास्ती वाटायची.

मग ते गणित घेऊन बसलो. मामी म्हणाली, झाकण उघडून बघा म्हणावं टाकीत. नंतर तीही येऊन बसली. कागदावर टाकी काढली, रेघा मारल्या. पंचमांशाच्या रेघा आणि चतुर्थांशाच्या रेघा एकमेकींवर येईनात. संध्याकाळ झाली तरी आल्या नाहीत.

तू रोज वर जाऊन तिच्या शेजारी बस, एवढं सांगतो. हाही सल्लाच झाला, पण यात दाबायचं काही नाही. आणि तिला माझा निरोप दे. ती टाकी आमच्या घरीही अडलीय. घाई नाही म्हणावं, मीही अजून तिथंच बसलोय.

दोघींवर माया करणारा,
मामा