रोह्याहून परत न आलेलं उत्तर

मंगळवार, ८ जुलै

कासूचे हैबतराव आज थेट आमच्या पेणच्या ऑफिसात! लालबुंद. ‘बायकोला साप चावला, नि तुमची रोह्याची डॉक्टरीण फोनच उचलत नाय!’

त्यांच्या सरूवहिनी वाचल्या — टेम्पोतून वेळेत हॉस्पिटलात पोचल्या म्हणून. रोह्याच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलसाठी ग्रामपंचायतींमधले इंटरनेट फोन आम्हीच बसवलेत. तिथल्या डॉ. वृंदाताईंना विचारलं. ‘उचलला गं, अपेक्षा. हॅलो हॅलो करत राहिले. पलीकडे कोणीच नाही.’

दोघंही खरं बोलतायत. माझी खात्री आहे.

बुधवार, ९ जुलै

हैबतरावांच्या तक्रारीवरून ट्रस्टनं वृंदाताईंना तातडीच्या ड्यूटीवरून काढलं! आमचे मिथुनसर म्हणे, ‘सर्व्हर चालू आहे. डॉक्टरच उचलत नसणार.’ वरिष्ठ असतील — बघतेच.

शुक्रवार, ११ जुलै

सापडलं!!

कासूचा कॉल आमच्या पेणच्या सर्व्हरवरून रोह्याला जातो. जाताना आधी फोन, मग वाटेतला प्रत्येक सर्व्हर निरोपाच्या माथ्यावर आपापला पत्ता चढवतो. उत्तर त्याच वाटेनं परत येतं. येताना प्रत्येकानं माथ्यावरचा आपला पत्ता काढायचा, नि खाली ज्याचा असेल त्याच्याकडे धाडायचं. बस, एवढंच काम.

नव्या सेटिंगनंतर पेणचा सर्व्हर स्वतःचा पत्ता काढतच नव्हता! कासूचा फोन बघतो — माथ्यावर परक्याचा पत्ता. हे माझं नाही म्हणून उत्तर फेकून देतो. रोह्याला वृंदाताई हॅलो म्हणतायत, इथे कासूला ते उचलल्याचंच कळत नाही.

मिथुनसरांना स्क्रीनवर पेणला आलेलं नि पेणहून सुटलेलं उत्तर शेजारी शेजारी दाखवलं — दोन्हींच्या माथ्यावर पेणचाच पत्ता. दोन्हींवरून बोट फिरवलं. मग, ‘कर दुरुस्त.’

सोमवार, १४ जुलै

चाचणी. मी कासूच्या ग्रामपंचायतीत, वृंदाताई रोह्यात. नंबर हैबतरावांनाच लावायला दिला. रिंग गेली. मग स्वच्छ आवाज — ‘हॅलो, डॉक्टर वृंदा बोलतेय.’

हैबतरावांचा रिसीव्हर दोन्ही हातांत. मग हळूच, ‘बाई, मी तुमची तक्रार केली व्हती. चुकलो.’

‘वहिनींचा पाय कसा आहे?’ ताईंनी एवढंच विचारलं.

येताना रिक्षात मी मोठ्यानं गाणं म्हटलं. रिक्षावाला हसला. हसू दे!

बुधवार, १६ जुलै

ट्रस्टनं माफी मागून ड्यूटी परत देऊ केली. वृंदाताईंनी राजीनामा दिला. ‘चूक सर्व्हरची निघाली म्हणून मी खरी ठरले. नसती निघाली तर?’

कासूत स्वतःचा दवाखाना काढतायत. जागा हैबतराव देतायत.