पूर्वेस प्राजक्त

॥ श्री ॥

मुंबई,
९ मार्च १९९७

ती. आत्यास,
सायलीचा शि. सा. न. वि. वि.

डिंकाचे लाडू पोचले. डबा होस्टेलच्या खोलीत उघडला आणि माझ्या दोघी मैत्रिणींनी तुझी तब्येत कशी आहे हे विचारायच्या आत निम्मा संपवला. आता त्या तुला ‘लाडूवाली आत्या’ म्हणतात, तेव्हा पुढच्या खेपेला तुझ्या अब्रूचा प्रश्न आहे.

तू मागच्या पत्रात विचारलंस, की एलएल.बी. झाली तरी अजून काय शिकतेस. अगं, वकील झाले, पण सॉलिसिटर व्हायचं तर एखाद्या जुन्या सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करावी लागते. त्यांनी दाखल्यावर सही केली तरच परीक्षेला बसता येतं, आणि ती परीक्षा म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारी. माझी तीन वर्षं येत्या नोव्हेंबरात भरतात. तोवर आमचे भरुचासाहेब सांगतील ते करायचं: खरेदीखतं, गहाणखतं, मृत्युपत्रं. साहेब पारशी, स्वभाव कडक, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाचा तुकडा पडला तरी टायपिस्टवर रागावणारे.

दुपारी मात्र मला फार घर आठवतं. पंखा फिरत असतो, कागदांना जुना वास येत असतो, आणि मी एकदम आपल्या ओट्यावर असते. चौथीत असताना दादांनी मला पिंपळगावहून तुझ्याकडे शाळेला आणून सोडलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्याच ओट्यावर बसले होते ना? एप्रिलमध्ये दोन दिवस येऊ का? प्राजक्ताखाली नुसती झोपून राहीन.

पत्राची वाट बघते. मायेत कमी करू नकोस.

तुझी,
सायली

॥ श्री ॥

नाशिक,
२० मार्च १९९७

चि. सायलीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येऊ नकोस. रागावू नकोस, पण येऊ नकोस. पहिल्या वर्षी तू बॅग उचलून पळून आली होतीस, आठवतं? प्राजक्ताखाली बसून रडलीस, मी बटाटेवडे करून घातले, आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच्या द्वारका स्टॉपवर एसटीत बसवून दिलं. गाडी हलल्यावर मीही रडले, ते तुला ठाऊक नाही. परत तशी वेळ नको. एकदा तो दाखला हातात पडू दे, मग पाहिजे तितकं झोप.

एक सांगायचं म्हणजे, यापुढे पत्रं माझ्या कंपनीच्या पत्त्यावर, सातपूरला पाठव. आपल्या गल्लीतला पोस्टमन बदलला आहे आणि नवा फार गोंधळ घालतो. आमच्या स्टोअरच्या टेबलावर पत्र बिनचूक येतं. पाकिटावर अक्षर मात्र नीट काढ. मागे एकदा तू कंपनीत पत्र पाठवलंस, तेव्हा माझ्या ‘ललिता’ नावाचं आमच्या साहेबांनी ‘कविता’ वाचलं.

इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. प्रकृतीला जप. केसांना तेल लाव.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

मुंबई,
१४ ऑगस्ट १९९७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाऊस इतका आहे की ऑफिसातले दस्तसुद्धा फुगलेत. अभ्यास चालू आहे. काळजी नसावी.

आज तुला आमच्या कामातली गंमत सांगते. कुठल्याही दस्ताच्या शेवटी मालमत्तेची चतुःसीमा लिहितात: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस, दक्षिणेस. इंग्रजीत नुसतं पूर्वेस म्हणत नाहीत, ‘पूर्वेस किंवा पूर्वेच्या बाजूस’ असं म्हणतात. मला ते फार आवडतं. टाइप झालं की आम्ही दोघं समोरासमोर बसतो. माझ्याबरोबरचा उमेदवार दीपक मोठ्याने वाचतो, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम उच्चारत, आणि मी माझ्या कच्च्या प्रतीत बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणत जाते. दुपारभर हे चालतं. दीपकचा आवाज असा की तान्हं मूलही झोपेल.

मग माझ्या मनात आपल्या घराची चतुःसीमा सुरू होते. पूर्वेस प्राजक्त आणि त्यापलीकडे नवसाबाईंचं घर. पश्चिमेस सावळीराम टेलरचं दुकान. उत्तरेस पाण्याचा हौद. दक्षिणेस बोळ. मी ही रोज म्हणते, कोणी शुभंकरोति म्हणावं तशी. मग वाटतं, मी मुंबईत नाहीच, ओट्यावरच आहे, आणि थोड्या वेळाने तू कंपनीच्या बसमधून उतरून बोळातून येशील. आता प्राजक्त फुलायला लागला असेल ना? फुलं पडतात का अजून हौदापर्यंत?

तू लिहिलं होतंस की पहाटे भोंग्याने जाग येते. सातपूरचा भोंगा द्वारकेपर्यंत कधीपासून ऐकू यायला लागला?

लोभ आहेच, तो दर पत्रात थोडा वाढव.

तुझी,
सायली

॥ श्री ॥

नाशिक,
२ सप्टेंबर १९९७

चि. सायलीस,
आत्याचे आशीर्वाद.

तू वकील झालीस हे भोंग्यावरून कळलं. आत्याचीही उलटतपासणी! वारा तिकडून असला की येतो ऐकू.

प्राजक्त फुलला आहे. सकाळी अंगणभर सडा असतो, आणि हो, हौदापर्यंत फुलं जातात. मी ओंजळभर देवाला ठेवते. सावळीरामचं मशीन चालूच असतं. नवसाबाई बसस्टॉपवर भेटल्या, तुझी चौकशी करत होत्या.

यंदा दिवाळीला तू थेट पिंपळगावला दादाकडेच ये. मीही तिकडेच येईन. सगळे एकत्र असू, द्राक्षांच्या छाटण्या झालेल्या असतील, हवा छान असते. नाशिकला थांबत बसू नकोस, उगाच दगदग.

आणि दुपारी झोप येत असेल तर गार पाणी मारत जा डोळ्यांवर. मला त्या दीपकच्या आवाजाची काळजी वाटते, वेगळ्या कारणाने. तसं काही असेल तर आधी मला लिही.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

मुंबई,
११ नोव्हेंबर १९९७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तसं काही नाही, आणि आता तर दीपक माझ्याकडे बघून हसतोच नुसता. कारण ऐक आणि पोट धरून हस, म्हणजे मला रडायला नको.

भिवंडीच्या एका गोडाऊनचं खरेदीखत होतं. मसुदा माझा. शेवटची चतुःसीमा मी दुपारी लिहिली. टाइप झालं, दीपक वाचायला बसला, आणि त्या दिवशी नेमके भरुचासाहेब मागे येऊन उभे राहिले. दीपक त्याच झोपाळू सुरात वाचत गेला, की सदर गोडाऊनच्या पूर्वेस किंवा पूर्वेच्या बाजूस प्राजक्ताचे झाड, स्वल्पविराम, व त्यापलीकडे नवसाबाईंचे घर. मी म्हटलं, बरोबर. पश्चिमेस सावळीराम टेलर. मी म्हटलं, बरोबर. आत्या, मी चारही दिशांना ‘बरोबर’ म्हटलं. मला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, की जागा न बघता स्वप्नातून सीमा लिहिणारा माणूस सॉलिसिटर झाला तर लोकांची घरं बुडतील, आणि अशा माणसाच्या दाखल्यावर ते सही करणार नाहीत. महिनाअखेरीस दाखला गेला नाही तर माझं वर्ष गेलं. मी खूप विनवलं. शेवटी म्हणाले, की हे घर कुठे आहे? मी नाशिक म्हटलं. तर म्हणाले, जाऊन त्याच्यासमोर उभी राहा, पूर्वेला तोंड कर, आणि डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहून आण. मग बघू.

एवढी सोपी शिक्षा! मी तर मनात नाचलेच. बावीस तारखेच्या शनिवारी येते. या वेळी ‘येऊ नकोस’ म्हणू शकत नाहीस, साहेबांचा हुकूम आहे. प्राजक्ताला सांगून ठेव.

तुझी आनंदलेली,
सायली

॥ श्री ॥

नाशिक,
१३ नोव्हेंबर १९९७

चि. सायलीस,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ताच स्टोअरच्या टेबलावर मिळालं. हे मी जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे आणि जेवले नाही.

सायली, ते घर नाही. फेब्रुवारीतच मी सोडलं. घरमालक सहादूअण्णा गेल्यावर त्यांच्या मुलाला तिथे स्वतःसाठी मोठं घर बांधायचं होतं. त्याने काही वाईट वागणूक दिली नाही, हात जोडून विचारलं. मी हो म्हटलं. आता मी सातपूरला कंपनीमागे एक खोली घेऊन राहते. भोंगा म्हणूनच ऐकू येतो. दादाला माहीत आहे, मीच त्याला शपथ घातली होती.

तुला सांगितलं असतं तर तू कायद्याची पुस्तकं घेऊन भांडायला आली असतीस, आणि परत गेली नसतीस. त्या एसटीत तुला दुसऱ्यांदा बसवून देण्याचं बळ माझ्यात नव्हतं. म्हणून पत्रात घर ठेवलं. तू विचारायचीस, प्राजक्त फुलला का? मी लिहायचे, फुलला. लिहिताना मलाही बरं वाटायचं गं. मला काय माहीत, की मी फुलवलेल्या झाडापायी तुझा दाखला अडकेल.

फोन करणार होते, पण सगळ्या स्टोअरसमोर हे बोलवेना. बावीसला द्वारकेला उतरू नकोस, सरळ सातपूरला ये. मी स्टॉपवर उभी असेन. रागव, पण ये.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

मुंबई,
१८ नोव्हेंबर १९९७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं तेरा तारखेचं पत्र मला काल परत आल्यावर मिळालं. इतक्या उशिरा सत्य बोलणारा साक्षीदार कोणतंही कोर्ट उभा करणार नाही.

शनिवारी तुझ्या दारात अचानक उभी राहिले तेव्हा तुझं तोंड असं झालं, की मी नुसता चहाच मागितला. बोलायचं राहिलं ते आता लिहिते. बावीसपर्यंत मला धीर धरवेना, म्हणून आठवडाभर आधीच निघाले. द्वारकेला उतरून धावतच बोळात शिरले. पुढे पत्रे लावलेले, आत पायाचे खड्डे, सळ्या. सावळीरामच्या दुकानाला कुलूप. वाटलं, गल्ली चुकले. मी परत हमरस्त्यापर्यंत गेले आणि पुन्हा मोजून आत आले. मग नवसाबाईंनी ओट्यावरून हाक मारली. लय वाळलीस म्हणाल्या, चहा पाजला, आणि आत्यानं सांगितलं नाय का म्हणून स्वतःच डोळ्याला पदर लावला. झाड कुठे होतं तेही मला दाखवता येईना, त्यांनी दाखवलं. तिथे सिमेंटच्या गोण्या होत्या. तुझ्या खोलीचा पत्ताही त्यांनीच दिला. मी रागावले होते, आत्या. सातपूरच्या बसमध्ये सगळा वेळ तुला बोलायची वाक्यं जुळवत होते. तू दार उघडलंस आणि ती सगळी विसरले.

काल साहेबांपुढे कागद ठेवला. मी म्हटलं, ते घर पडलं आहे, म्हणून माझी आत्या राहते त्या खोलीची चतुःसीमा आणली आहे. पूर्वेस जिना. दक्षिणेस रस्ता व गिरणी. पश्चिमेस शेजाऱ्यांची गच्ची. उत्तरेस कारखान्याची भिंत. आणि खाली पाचवी ओळ: मध्ये आत्या.

साहेबांनी लाल पेन्सिल उचलली. म्हणाले, की मध्ये काय आहे ते चतुःसीमेत लिहीत नाहीत. पेन्सिल बराच वेळ त्या ओळीवर थांबली, मग त्यांनी ती कानामागे ठेवली आणि दाखला मागवला. सही झाली. ओळ तशीच आहे.

परीक्षा जवळ आली आहे. आता दुपारी डोळ्यांवर पाणी मारते. पण एक मागणं आहे: यापुढे जे नसेल ते लिहू नकोस. जे आहे त्यावर लोभ ठेव.

तुझी,
सायली

॥ श्री ॥

नाशिक,
२४ नोव्हेंबर १९९७

चि. सायलीस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद.

दाखल्याचं वाचलं आणि स्टोअरमध्ये पेढे वाटले. आमच्या साहेबांनी विचारलं, लग्न ठरलं का? मी म्हटलं, त्याहून मोठं.

तुझ्या मागण्याप्रमाणे खरं तेच लिहिते. पोरी, कारखान्याची भिंत उत्तरेस नाही, पश्चिमेस आहे. शनिवारी संध्याकाळी आपण दोघी खिडकीत चहा घेत बसलो, सूर्य त्या भिंतीमागेच गेला, आणि तू त्याच्याकडेच बघत होतीस. तरी उत्तर लिहिलीस. म्हणजे भिंत तर चुकलीच, शेजाऱ्यांची गच्चीही जागची हलली. मला हसू आवरेना, आणि मग रडूही.

मला दोष द्यायला तोंड नाही. इथे आले तेव्हा महिनाभर मलाही दिशा कळत नव्हत्या. द्वारकेच्या घरासारखीच उजेडाची खिडकी पूर्वेची धरली आणि तुळस उलट्या बाजूला ठेवून वाळवली. नवी आणली आहे, ती जगेल असं वाटतं.

भरुचासाहेबांना सांगायचं की नाही ते तू ठरव, सॉलिसिटर तू होणार आहेस. पण सीमा दुरुस्त करायला जागा पुन्हा बघावी लागेल. पुस्तकं घेऊन शनिवारीच ये. येऊ नकोस म्हणायला माझ्याकडे आता काही उरलं नाही.

वाट बघणारी,
आत्या