सहावी कॅसेट

आत्या, मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. गाठींच्या परीक्षेची वेळ पाच सर्जनांच्या हातांवरून ठरवली, असं म्हटलं होतं. सर्जन पाचच होते, पण कॅसेट सहा होत्या.

नीट सांगते. आता पोट न फाडता, बारीक भोकांतून दुर्बीण घालून ऑपरेशनं होतात. शिकाऊ डॉक्टरांनी पहिला हात माणसावर चालवू नये म्हणून आमच्या विभागाच्या सरांनी रबाळ्याहून एक लाकडी खोकं करून आणलं. आत रबराचा तुकडा, झाकणाला दोन भोकं. त्यांतून लांब चिमटे घालायचे आणि समोरच्या टीव्हीत बघत आत गाठी बांधायच्या. टीव्हीत हात दिसत नाहीत, फक्त चिमट्यांची दोन टोकं. सराईत सर्जनांना किती वेळ लागतो ते व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्ड करायचं, सरासरी काढायची, आणि तिथवर पोचेल त्यालाच ऑपरेशन थिएटरात चिमटा द्यायचा. सरांनी हे काम मला दिलं. "तू चुकायला घाबरतेस, म्हणून तूच कर," म्हणाले.

सहाव्या कॅसेटवर नाव नव्हतं. ती सगळ्यांत जलद होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती. प्रत्येक गाठ बसली की उजवं टोक रबरावर दोनदा टेकत होतं. कॅसेटला आवाज नाही, तरी मला तो ऐकू आला, आणि मी तुझ्या वाशीच्या स्वयंपाकघरात उभी राहिले. तू थिएटरची ड्युटी संपवून आली आहेस. पिठाच्या डब्याच्या कडीला काळा दोरा आहे आणि माझे हात तू नळाखाली धरते आहेस. "ओल्या हातांनी बांध. तिथं कोरडे कुठून मिळणार?" गाठ बसली की तू नखाने डब्यावर दोनदा वाजवायचीस. नववी सैल निघाली तेव्हा कात्रीने सगळ्याच कापल्यास. "एकदा जमलं ते नशीब, बाई. सलग दहा बांध, मग म्हण मला येतं." मी रडत होते आणि तू वरणाला फोडणी देत होतीस.

लातूरकडचा एक निवासी डॉक्टर या परीक्षेत थोडक्यात नापास झाला. दुसऱ्यांदाही झाला तेव्हा मला म्हणाला, "मॅडम, एवढ्या वेळात बांधणारं माणूस एकदा दाखवा की. का भूत बांधतंय?" सगळे हसले, मीही हसले. मग कॅमेरा लावणाऱ्या वॉर्डबॉय मामांना बाजूला नेऊन विचारलं, ती कॅसेट कुणाची? ते इथल्याच गावचे. म्हणाले, "तुमचीच हाय, मॅडम. शनवारी दुपारी दार लावून बसलेल्या. दोनदा चा आनला, वर नाय बघितलंत."

मला तर वाटत होतं, त्या दुपारी मी जुईनगरला घरी झोपले होते. आईला विचारलं. ती म्हणाली, "छे गं, तू संध्याकाळी आलीस. हात ओले होते, माझ्याच पदराला पुसलेस."

तेव्हापासून मी रोज त्या खोक्यापुढे बसते. त्या वेळेच्या आसपाससुद्धा पोचत नाही. टोक एकदाही आपणहून रबरावर टेकत नाही. परवा मामा दारातून बघून लगेच मागे फिरले. चहाही आणला नाही.

काल तो मुलगा तिसऱ्यांदा नापास झाला. सहावी कॅसेट वगळली तर तो पहिल्याच खेपेला पास होता, मी तीनदा ताडून पाहिलं. सर म्हणतात, याचे हात सर्जनचे नाहीत, दुर्बिणीच्या यादीतून नाव काढू या. वेळ सैल केली आणि कुणाच्या पोटात गाठ सुटली तर, या भीतीने मी तिथे गप्प बसले. पण जे मला स्वतःला दुसऱ्यांदा बांधता येत नाही, ते मी त्याच्याकडून तीनदा मागितलं. तूच सांगितलं असतंस, ही कॅसेट सरासरीत धरायची नाही.

आणि एक, जे मामांना, आईला, कुणालाच सांगितलेलं नाही. कॅसेटवर नाव नाही, हे मी सरासरी काढतानाच पाहिलं होतं. बाजूला ठेवायला हवी होती. ठेववली नाही, कारण तीत तू होतीस.

हे पत्र मागच्यासारखंच वहीत राहील; तू गेलीस, पाठवणार कुठे? सरांच्या हातात मात्र ती कॅसेट द्यायची आहे, ही वगळून वेळ धरा म्हणायचं आहे, आणि कुणी बांधल्या विचारलं तर माहीत नाही म्हणायचं आहे. दुर्बिणीची नवी यादी गुरुवारी लागते. मी बुधवारी जाणार आहे, सकाळच्या राऊंडआधी.