फुटलेल्या चेंडूची वाटणी

मी, धंद्याने काचा बसवणारा, या रस्त्यावर आणि मैदानावर ‘पंजा’ या नावाने ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली नसताना, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल दाखल्यात एक अक्षर नाही, म्हणून मीच सांगतो, दोन्ही कामातून गेलेले आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं, तर तो माणूस बहुधा आमच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी असेल. त्याचं ऐकू नये.

मी लग्न केलं नाही. माझी म्हणावीत अशी माणसं आता दोनच. एक माझी भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. दुसरा बहिणीचा नवरा, धंद्याने शिंपी. डाव्या पायाने खेळायचा म्हणून त्याला सगळे डावरा म्हणतात. बहीण गेल्या वर्षी वारली. तिला मी काही ठेवून जावं असं तिनेच काही शिल्लक ठेवलं नाही. लहानपणापासून जे हवं ते ती माझ्याकडून हक्काने घेऊन जायची, आणि ते बरंच झालं.

कलम पहिले. दुकान, दुकानामागची खोली आणि वरचा मजला भाचीला. यावर कोणाचा वाद असेल असं वाटत नाही, कारण दुकान आता तीच चालवते आणि मी खुर्चीत बसून सूचना करतो. ती काचेवर हिरा एकदाच ओढते आणि काच सरळ तुटते. मला आता खात्री वाटत नाही म्हणून मी दुसऱ्यांदा ओढायला जातो, आणि दुसऱ्यांदा ओढलेली काच वाकडीच जाते. हे तिला शिकवलं मीच. हल्ली ती मला शिकवते.

कलम दुसरे. काच कापायचा हिरा, गुण्या, पुट्टीच्या सुऱ्या आणि मोठ्या काचा उचलायचे रबरी पकडे हेही भाचीचंच. लाकडी मुठीची सुरी कोणालाही उसनी देऊ नये. मी एकदा दिली होती. ती परत आणायला मला त्या घरी जावई म्हणून जावं लागतंय की काय, अशी वेळ आली होती.

कलम तिसरे. समोरच्या गल्लीतली पोरं खेळतात आणि रस्त्यावरच्या खिडक्या फोडतात. माझी भाकरी बरीचशी त्यांच्या पायांवर चालली, त्यांच्या बापांच्या आणि आजोबांच्याही. तेव्हा पोरांच्या चेंडूने फुटलेली काच भाचीने निम्म्या दरात बसवावी. अट एकच, घरमालकाने त्यांचा चेंडू परत द्यावा. चेंडू अडकवून ठेवणाऱ्याला पूर्ण दर लावावा, आणि त्याच्याकडे जायला जरा उशीरच करावा.

कलम चौथे. बँकेत असेल ते भाचीचं. फक्त त्यातून क्लबच्या चषकांच्या कपाटाला नवी काच बसवावी. दुधी नको, अगदी पारदर्शक हवी. आतल्या मोठ्या चषकावर विजेत्याच्या नावाची एक पट्टी कोरी आहे, ती येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे. सेक्रेटरी त्या चषकात पेनं ठेवतो आणि कोणी पट्टीबद्दल विचारलं की मिठाची गुळणी धरून बसतो.

ती पट्टी कोरी का राहिली, ते इथे सांगणं भाग आहे, कारण पुढचं कलम त्यावरच उभं आहे.

मी काचकारखान्याचा गोलकीपर होतो. डावरा शिलाई-कारखान्याकडून आघाडीला खेळायचा. कारखान्यांच्या चषकाचा अंतिम सामना होता, बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता. तेव्हाचे चेंडू वेगळे असत. बाहेर जाड कातडं, आत हवा भरलेला रबरी ब्लॅडर, आणि तोंडाशी नाडी. मैदान ओलं होतं, कातडं पाणी पिऊन जड झालं होतं. डावऱ्याने डाव्या पायाने असा काही फटका मारला की आवाज दोनदा आला. मी झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरला. आमच्या बाजूचे लोक ओरडायला लागले. मी हसत उभा राहिलो आणि हातात काय आहे ते पाहिलं. नुसतं कातडं होतं, ओल्या टोपीसारखं लोंबत. शिवण उसवून आतला लाल ब्लॅडर निसटला होता, रेषेवर एकदा उडाला होता आणि माझ्या मागे जाळीत जाऊन निवांत बसला होता.

गोलामागे माझी बहीण उभी होती. सगळं मैदान चिडीचूप झालेलं, आणि ती एकटी पोट धरून हसत होती. डावरा गोल मागायला धावत आला तो तिच्याकडे बघत थांबला. तिथून तो बराच वेळ हलला नाही.

पंच होते शाळेचे हेडमास्तर. त्यांनी कातडं पाहिलं, ब्लॅडर पाहिला, चष्मा पुसला. म्हणाले, “मी घरी जाऊन नियमांचं पुस्तक बघून येतो. तोवर कोणी काही हलवू नका.” आम्ही दोन्ही संघ अंधार पडेपर्यंत जागच्या जागी उभे. हेडमास्तर आले नाहीत. पुढे त्यांची बदली झाली. अजून बघत असावेत. निकालाचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. गोल ठरला नाही, पण वर्षाच्या आत लग्न मात्र ठरलं.

माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच आहे. चेंडू पूर्ण रेषेपार गेला तर गोल. अर्धा माझ्या हातात होता, म्हणून गोल नाही. डावरा शिंपी पडला, तो म्हणायचा, “चोर घरात शिरला आणि त्याचा सदरा तुझ्या हातात राहिला, तर चोर घरात शिरलाच नाही म्हणशील का?” त्यावर मी म्हणायचो, “खिडकीची चौकट माझ्याकडे आणि काच तुझ्या अंगणात पडली, तर खिडकी तुझी झाली का?” बहीण चहा ओतत म्हणायची, “चोर राहू दे, खिडकी राहू दे, आधी कप पुढे करा.”

हे रोज संध्याकाळी, तिच्या स्वयंपाकघरात. टेबलाच्या मधोमध बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. मी माझं कातडं आणि डावऱ्याने त्याचा ब्लॅडर लग्नाच्या दिवशी तिच्या हवाली केला होता, ते दोन्ही तिने त्या एकाच डब्यात ठेवले. निवाडा मात्र तिने कधी दिला नाही. “मी पंच नाही, मी घरमालकीण आहे,” म्हणायची.

निवाडा नाही म्हटल्यावर आम्ही जगभरातून दाखले गोळा करायला लागलो. मी रेडिओ आणि जुनी क्रीडा साप्ताहिकं धुंडाळायचो, डावरा मापं घेता घेता बोटीवरून आलेल्या खलाशी गिऱ्हाइकांना बोलतं करायचा. मी एकदा पुरावा आणला की परदेशात एका मोठ्या चषकाच्या अंतिम सामन्यात गोलकडे जाता जाताच चेंडू फुटला आणि गोल मिळाला नाही. डावऱ्याने आठवड्याभरात उलट उत्तर आणलं. पहिल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोणाचा चेंडू वापरायचा यावर दोन्ही संघ हटून बसले, मग अर्धा खेळ एकाच्या चेंडूने झाला आणि अर्धा दुसऱ्याच्या. “बघ,” म्हणाला, “अर्ध्याला अर्धं मोल असतं.” याचा आमच्या गोलशी काय संबंध हे तो आजतागायत सांगू शकलेला नाही.

हळूहळू पुरावे मागे पडले आणि नुसत्या गोष्टीच राहिल्या. दाट धुक्यामुळे एक सामना थांबवला, सगळे आत निघून गेले, आणि एका टोकाचा गोलकीपर एकटाच उभा राहिला. त्याला वाटलं, आपली माणसं पलीकडे जोर लावून खेळतायत, म्हणून चेंडू इकडे येत नाही. शेवटी एका पोलिसाने येऊन सांगितलं की सामना केव्हाच संपला. या गोष्टीला डावरा खो-खो हसायचा. बहीण कधीच हसली नाही. ती म्हणायची, “त्याला कोणीतरी हाक मारायला हवी होती रे.”

तिची आवडती गोष्ट दुसरी होती. दूरच्या बेटांवर अख्ख्या लीगमध्ये दोनच संघ आहेत. वर्षभर ते एकमेकांशीच खेळतात. नवा मोसम आला की दोन्ही कप्तान बसून खेळाडू पुन्हा वाटून घेतात, म्हणजे काल ज्याच्या नडगीवर लाथ मारली तो आज आपल्या बाजूला. “हे तर आपलंच घर,” ती म्हणाली होती.

कलम पाचवे. आता चेंडूकडे येतो.

बहीण गेल्यावर महिन्याभराने डावरा दुकानात आला. डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “घे. तुझंच खरं. गोल नव्हता.”

मी म्हणालो, “असं कसं? आणि सदऱ्याचं काय?”

“सदरा काय घेऊन बसलास. आता कोणासमोर भांडायचं?” एवढं बोलून तो निघून गेला.

म्हणजे मी जिंकलो. सामना हरूनही मला कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून तो आला नाही. त्याचं दुकान रस्त्यापलीकडे, माझ्याच हातच्या काचेमागे, मशीनवर वाकलेलं त्याचं डोकं मला इथून दिसतं. मान वर केली तर हात करतो. मी दोनदा गेलो, नवी गोष्ट घेऊन गेलो. त्याने ऐकली, “बरोबर आहे तुझं” म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. बरोबर आहे म्हणे. उभ्या जन्मात त्याने मला असं म्हटलं नव्हतं. धुक्यातल्या त्या गोलकीपरला काय वाटलं असेल, ते मला आता समजतं.

म्हणून असं ठरवतो. ब्लॅडर भाचीचा. कातडं डावऱ्याचं, पण एका अटीवर. त्याने आपला कबुलीजबाब मागे घ्यावा आणि दोन माणसांदेखत, मोठ्याने, गोल होता असं म्हणावं. तसं न केल्यास कातडं क्लबच्या सेक्रेटरीला द्यावं, म्हणजे त्याला पेनं ठेवायला आणखी एक जागा होईल. नाक दाबलं की तोंड उघडतं. तेव्हा ऐकायला मी नसणार, ही या कलमातली खोट आहे आणि कच्चा मसुदा वाचणाऱ्या वकीलबाईंनी ती मला दाखवूनही दिली. पण जिवंतपणी तो भांडत नाही, त्याला मी काय करू?

कलम सहावे. मला पोचवायला येणाऱ्यांनी भाषणं करू नयेत. माझे जुने हातमोजे माझ्याबरोबर असू द्यावेत.

पुरवणी. वरचं सगळं लिहून झालं होतं. सह्यांसाठी वकीलबाई आल्या, साक्षीदार म्हणून औषधांच्या दुकानाचे मालक आले. दुसरा साक्षीदार मैदानाचा राखणदार, तो तापाने पडला. भाची मला न विचारता रस्ता ओलांडून गेली आणि आपल्या बापाला घेऊन आली. गळ्यात टेप तसाच.

वकीलबाई त्याला म्हणाल्या, “काका, आधीच सांगते. साक्षीदार म्हणून सही केलीत, तर यातलं तुमच्या वाट्याचं तुम्हाला मिळणार नाही.”

“माझ्या वाट्याचं? वाचू तर द्या.”

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं बाईंनी सांगितलं. त्याने खुर्ची ओढली आणि शब्दाशब्दावर बोट ठेवून सगळं वाचलं. बेटांच्या गोष्टीपाशी त्याचं बोट थांबलं. पाचवं कलम त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“हे काय लिहिलंयस? ‘चेंडू छातीशी धरला’ म्हणे. चेंडू कुठे होता तुझ्या छातीशी? सदरा होता.”

मी म्हणालो, “चौकट होती.”

“चौकट गेली खड्ड्यात. अख्ख्या मैदानाने बघितलं.”

“मैदानाने कातडं बघितलं.”

भाचीने डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि चहाचं पाणी चढवलं. वकीलबाईंनी विचारलं, “काका, सही करताय की कातडं घेताय? दोन्ही होणार नाही.”

“कातडं ठेवा तुमच्याकडे,” डावरा म्हणाला. “पेन द्या इकडे.”

सबब पाचव्या कलमातली डावऱ्याच्या वाट्याची तजवीज आणि तिची अट मी रद्द करतो. कातडं आणि ब्लॅडर दोन्ही भाचीचे, त्याच डब्यात, वेगळे न करता. हा बदल मी माझ्या हाताने, सर्वांसमक्ष केला आहे. मला आणखी काही सांगायचं नाही.

ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: सतरा, रविवार, दुपारच्या चहाला

मृत्युपत्र करणार: पंजा, काचवाला (सही)

साक्षीदार पहिले: औषधांच्या दुकानाचे मालक (सही)

साक्षीदार दुसरा: डावरा, शिंपी (सही). गोल होता.

वरील शेरा मला मान्य नाही. पंजा (सही)

उद्या संध्याकाळी घरी ये, सांगतो. डावरा (सही)