आत: शून्य

सोमवार, ३
मुक्काम उत्तम लागला. खोली हवेशीर, टेबल मजबूत, खिडकीतून वीजकेंद्राची एकमेव चिमणी दिसते. तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला नोंदवह्या सुधारण्यासाठी अधीक्षक नेमावे लागते, यातच इथल्या कारभाराची पातळी कळते. यंत्र मात्र सुसंगत आहे. जड तेल तापवून पातळ करायचे, फवाऱ्याने भट्टीत जाळायचे. त्या आगीवर पाण्याची वाफ, वाफेने चक्र फिरते, चक्राने जनित्र. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते. माणसांविषयी तसे म्हणवत नाही.

बुधवार, ५
दर बुधवारी भट्टी निववून काजळी खरवडतात. दार लावताना आत किती माणसे उरली, याची नोंद करायची. अकरा वर्षे तिथे 'एक' लिहिले जात आहे! मग फोरमन लोखंडी दारावर तीन थापा मारतो, कान लावतो, आणि नंतरच आग पेटते. कारण विचारले. अकरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ आत असताना कोणीतरी 'शून्य' लिहून मोकळे झाले होते.

माणूस आत असतो किंवा नसतो, तिसरा पर्याय नाही, हे मी समजावले. तो म्हणाला, "दादा नाही हे मलाही कळतं, साहेब. पण 'एक' वाचलं की आग लावणारा थबकतो. 'शून्य' वाचून कोण थांबणार?"

शोकालाच नियम समजण्याची ढोबळ गफलत. आदेश काढला: 'शून्य' छापूनच ठेवावे. थापा बंद.

सोमवार, १०
बॉयलरवाला सांगत आला की आता थापा आतून येतात. मीही ऐकल्या. तीन. तापलेले लोखंड वाजतेच. पुरवणी आदेश: आतल्या आवाजाकडे दुर्लक्ष करावे.

बुधवार, १२
सफाई संपली. भट्टी थंडगार, तरीही तीन थापा. जेवणाच्या सुट्टीत स्वतः आत जाऊन पाहणार. कोणाला सांगणार नाही. त्यांच्या खुळाला मान दिल्यासारखे होईल.

त्याच दिवशी, भट्टीत
रिकामी. म्हटलेच होते. फक्त दाराच्या आतल्या अंगावर, काजळीत तळहाताचा ठसा. जुना असावा. बोट लावले —
कोमट.

दार लागले. बाहेरून बोल्ट आवळत आहेत. मी थापा मारतो आहे, ओरडतो आहे —

दारापलीकडून, अगदी जवळून, फोरमनचा आवाज, बॉयलरवाल्याला सांगणारा: "ऐकू येतंय रे मलाही. पण साहेबांचा हुकूम आहे."

पंखा सुरू. आग लावण्याआधी पाच मिनिटे हवा —
नोंद शून्य. म्हणजे मी इथे —

माझ्या हाताशेजारी आणखी एक हात थापा मा—